बुलढाण्यानंतर भंडारा

एकशे बेचाळीस ग्रॅम भरलं माझं नाटक
वडगावच्या पोस्टात, मंगळवारी.
कागदाच्या एकाच बाजूला लिहावे, असा नियम, म्हणून इतकं जड.
पहिला खर्डा सुताच्या बिलांच्या पाठीवर होता,
हलका होता, आणि मला वाटतं, बरा होता.

खिडकीतल्या बाईनं विचारलं, "इदराग एनैती?"
मी म्हटलं, "नाटक."
ती म्हणाली, "नाटक," आणि मान डोलावली.
तेवढ्यापुरतं आम्हा दोघींना भाषांतर लागलं नाही.

हा सातवा पत्ता.

पहिला पुण्याचा. अर्जात जिल्ह्यांची यादी,
बोट खाली सरकवत गेले:
बीड, बुलढाणा
आणि एकदम भंडारा.
पुन्हा वर गेले, पुन्हा सावकाश खाली आले,
हजेरीत आपलं नाव बाई विसरल्या असतील
असं समजून हात वर धरून बसलेल्या पोरीसारखी.

दुसरा धारवाडचा. साहेबांनी स्वतः फोन केला, गोड माणूस.
"कन्नडदाग बरदु कळसरी अक्का, ओदतेनि."
कन्नडात मला भांडता येतं, उधारी मागता येते,
बाळंतिणीला धीर देता येतो.
लिहिता येत नाही.

तिसऱ्यानं मागितला संस्थेचा नोंदणी क्रमांक.
संस्था म्हणजे मी, कांड्या भरायचं चाक,
आणि मागावरचा ईराण्णा.

चौथा दिवाळी अंक: "एकांकिका छापत नाही, कथा करून पाठवाल का?"
केली. दोन रात्री केली.
म्हातारी बोलायचीच थांबली. फाडून टाकली.

पाचव्यानं फी घेतली.

सहावे सांगलीचे एक निवृत्त मास्तर.
निळ्या आंतरदेशीयवर चारच ओळी:
"शेवटी म्हातारीला मारू नका.
तिला घरी कसं पाठवायचं ते तुम्हाला सुचलं नाही,
म्हणून मारलीत."
ते पत्र मी रेशनकार्डात ठेवलंय.

नाटकात तसं काही नाही.
रेशनचं दुकान, एक बाक, दोघीजणी.
एकीचा अंगठा यंत्राला पटत नाही,
चाळीस वर्षं सूत ओढून रेघा गेल्यात त्याच्या.
दुसरी त्याला खोबरेल लावते, पदरानं पुसते,
"आता लाव बघू," म्हणते.
पंचवीस मिनिटं.

गेल्या आठवड्यात वीज गेली, सहाही माग एकदम थांबले.
वडगावात एवढी शांतता म्हणजे कुणीतरी गेल्यासारखी.
ईराण्णा म्हणाला, "वाच की तुळसाक्का,
कुठं कुठं धाडालैस ते, इथं वाच की एकदा."
दुसरीची वाक्यं त्यानं घेतली.
त्याला आपली अक्षरं येत नाहीत;
मी हळू सांगायची, तो मोठ्यानं त्याच्या बोलीत म्हणायचा,
आणि कधी कधी मी न लिहिलेलंही.
शेजारची शांतव्वा तांदळाचं सूप घेऊन दारात टेकली,
खडे वेचायचं विसरली.

नवव्या पानावर वीज आली.
पुढचं मी ओरडून वाचलं,
खटखटीत कुणाच्या कानी पडलं असेल, देव जाणे.
पण दिवे लागायच्या वेळी शांतव्वा परत आली:
"तिला मिळाले का गं तांदूळ?"

मी सांगितलं नाही.
घरी येऊन शेवटचं पान नवीन लिहिलं,
म्हणून हा सातवा पत्ता, कुडाळचा.
एका शाळेच्या सभागृहात नवख्यांची नाटकं वाचतात म्हणे,
दर पौर्णिमेला. जिल्हा विचारत नाहीत.

बाईनं शिक्का उचलला, हात थोडा घसरला,
आणि तो बसला पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर,
अगदी शेवटी, राज्याच्या नावावर.
पहिलं अक्षर आणि रफार शाईत बुडाले.
उरलेली तीन अक्षरं स्वच्छ.

तिनं पाहिलं. मीही पाहिलं.
"सुट्टे द्या," ती म्हणाली.
मी कनवटीला हात घातला.